ऋषीची पानं आणि पंचेचाळीस मिनिटं

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तीन रविवारांपूर्वी तुमच्या पुरवणीत आतल्या पानावर ‘झटपट पोर्क डिनर – सफरचंद आणि हर्ब्ससह’ अशी रेसिपी आली होती. पहिले त्याबद्दल थँक्यू, अगदी मनापासून, कारण मराठी पेपरात पोर्क येतं ते नाताळच्या आठवड्यात, तेही सोरपोतेल नाहीतर विंदालू, आणि बाजूला सांताक्लॉजचं चित्र. बाकीचं वर्षभर आम्ही पोर्क खाणारे लोक जणू मटकीच्या उसळीवरच असतो. तुम्ही यावेळी सणवार नसताना एक साधं रात्रीचं जेवण म्हणून छापलंत, बरं वाटलं. नंतरच्या रविवारी दोन वाचकांनी ‘असले पदार्थ छापू नका’ म्हणून लिहिलेलं पण वाचलं. त्यांच्याशी माझं भांडण नाही, ज्याला चालत नाही त्याने पान उलटावं, मी पण कारल्याच्या रेसिपीला तेच करतो.

माझी तक्रार वेगळी आहे. रेसिपीच चुकीची होती. मिठाचं माप इकडे तिकडे असं नाही, मुळातच चुकीची, आणि तिच्यापायी आमच्या घरी साडेआठशे ग्रॅम चांगले चाप, म्हणजे हाडासकट कापलेले पोर्कचे तुकडे, वाया गेले.

झालं असं की माझ्या सुनेने ते पान कापून फ्रिजला लावलं. ती अंधेरीला नोकरी करते, विरार फास्टने उभ्याने येते, घरी पोचेपर्यंत आठ वाजतात, त्यामुळे ‘झटपट’ हा शब्द दिसला की तिचा जीव हरखतो आणि यात तिचं काही चुकत नाही. शनिवारी तिने चाप आणले, सफरचंदं आणली, मी त्यादिवशी चर्चमध्ये एका मयताच्या प्रार्थनेला गेलेलो, आलो तेव्हा घरभर वाफ आणि सून गॅससमोर फोनचा टॉर्च लावून तुमचं कात्रण वाचतेय. मला म्हणाली, “पप्पा, ऋषीची दोन पानं म्हणजे काय हो?”

मी म्हटलं कसली पानं?

खरंच छापलंय तुम्ही. ‘ऋषीची २-३ पानं, ताजी’. मला समजायला मिनिटभर लागलं. इंग्रजीत सेज म्हणून एक पाला असतो, करड्या-हिरव्या रंगाची लव असलेली लांबट पानं, तुळस-पुदिन्याच्याच कुळातला, आणि त्याच शब्दाचा दुसरा अर्थ ऋषी. तुमच्याकडे कुणीतरी, किंवा कुणीतरी नाही तर कुठल्यातरी मशीनने, सरळ भाषांतर करून टाकलं आणि ते कुणी न वाचता छापायला गेलं. आमच्या सुनेने कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याकडे ऋषीची पानं मागितली होती हो, तो म्हणाला एकादशीला येतील.

हे एक वेळ हसून सोडून दिलं असतं. पण खाली ओळ होती, ‘झाकण ठेवून मंद आचेवर ४०-४५ मिनिटे शिजू द्यावे’, आणि त्याच्या वरती ‘सफरचंदाचे तुकडे सुरुवातीलाच घालावेत’. तिने जे लिहिलंय ते केलं. ताटात काय आलं तर खाली सफरचंदाचा लगदा, लहान बाळांना भरवतात तसा, आणि त्यावर राखाडी रंगाचे चाप, सुरी लावली तर सुरीच वाकेल असे. नातू सात वर्षांचा आहे, त्याने एक तुकडा दहा मिनिटं चघळला आणि विचारलं हा गिळायचा असतो की टाकायचा. सून काही बोलली नाही पण तिचं तोंड बघवत नव्हतं, आणि ती म्हणाली तेच मला जास्त लागलं, “जाऊ दे, पोर्क आपल्याला तव्यावर जमणार नाही, इंदियालच बरं.” (इंदियाल म्हणजे आमच्या वसईकडचं विंदालू.)

म्हणून हे पत्र.

मी सांगतो त्यावर विश्वास का ठेवायचा तर मी २६ वर्षं बोटीवर होतो, मेसमन, म्हणजे जेवण वाढणारा, म्हणून चढलो आणि चीफ कुक म्हणून उतरलो. आमच्या वसईच्या किनाऱ्याच्या गावांत असे बरेच सापडतील. गॅलीत, म्हणजे बोटीच्या स्वयंपाकघरात, हॉटप्लेटच्या चारी बाजूने लोखंडी दांडे असतात भांडी घसरू नयेत म्हणून, तरी वादळात तेल एका बाजूला आणि मटण दुसऱ्या बाजूला अशी स्थिती, आणि खाणारे २२ जण तेही चार देशांचे, त्यामुळे चाप कसे भाजायचे हे मी पुस्तकातून नाही तर शिव्या खाऊन शिकलेलो आहे.

आता ४५ मिनिटांचं बघा. डुकराचं सगळं मटण एकसारखं नसतं. चाप येतात पाठीच्या भागातून, तिथला स्नायू फारसा राबत नाही, त्यामुळे त्यात चिवट पांढरे धागे कमी आणि चरबी पण बाहेरच्या कडेला, आत कमी. तो तुकडा मुळातच मऊ असतो, त्याला शिजवायचं म्हणजे फक्त आतपर्यंत गरम करायचं. खांद्याचं मटण उलटं, ते राबलेलं असतं, त्यात चिवट भाग भरपूर, तो मंद आचेवर दीड-दोन तास राहिला की विरघळून चिकट रस्सा होतो, म्हणून तर इंदियालला आणि सोरपोतेलला वेळ लागतो आणि दुसऱ्या दिवशी ते जास्त चांगलं लागतं. तुमची ४५ मिनिटं ना इकडची ना तिकडची. चापाला ती अर्ध्या तासाने जास्त आणि खांद्याला तासाभराने कमी. चापात विरघळायला काही नसतंच, नुसतं पाणी पिळून बाहेर जातं आणि चप्पल उरते.

लोक इतकं का शिजवतात ते मला माहितीये, जंतांची भीती. आणि ती भीती खोटी नाही, पण तिला माप आहे. बाहेरच्या देशांत ट्रायकिनेला नावाच्या जंताला घाबरून पूर्वी पोर्क अगदी कोरडं करायचे, अमेरिकेच्या कृषी खात्याचा नियम ७१ डिग्री सेल्सिअसचा होता, २०११ साली त्यांनी अख्ख्या तुकड्यांसाठी तो ६३ वर आणला आणि गॅसवरून उतरवल्यावर ३ मिनिटं तसंच ठेवायला सांगितलं. खिम्याला मात्र अजून ७१च, कारण खिमा करताना बाहेरचं सगळं आत जातं. आता तुम्ही म्हणाल ते अमेरिकेत, इथे काय. बरोबर आहे. आपल्याकडे काळजी असते पट्टकृमीची, मोकाट फिरणाऱ्या, घाण खाणाऱ्या डुकरांच्या मटणात त्याच्या अळ्या असू शकतात, तांदळाच्या दाण्याएवढे पांढरट फोड दिसतात. तसं काही दिसलं तर दुकानदाराच्या तोंडावर परत द्यायचं, शिजवून बघू वगैरे करायचं नाही. मी फार्मवर पाळलेल्या डुकराचं, ओळखीच्या दुकानातलं घेतो आणि तरी ६५ वर उतरवतो, झाकून ठेवलं की आणखी दोन-तीन डिग्री आपोआप चढतात. ज्याला माल कुठून आलाय माहीत नाही त्याने ७१ करावं, थोडं कोरडं होईल पण चप्पल होणार नाही. आणि कुठला माल ते माहीत नसलेल्या बाजारातून घेतच असाल तर चाप घेऊच नका, खांदा घ्या आणि दोन तास रटरटवा.

अजून एक, लोक म्हणतात पोर्क खाल्लं की मेंदूत किडा जातो. मटणातून जातो तो आतड्यात राहणारा पट्टकृमी. मेंदूत गाठी होतात त्या त्याच्या अंड्यांनी, आणि ती अंडी येतात ज्याच्या पोटात तो कृमी आहे त्या माणसाच्या विष्ठेतून, म्हणजे न धुतलेले हात, घाण पाणी, न धुतलेला पाला. जन्मात मटणाला हात न लावलेल्या माणसालाही ते होऊ शकतं, मग बिचाऱ्या कोबीवर आळ येतो. असो, पुरवणीच्या पाककृतीत हे सगळं यावं असं मी म्हणत नाही, पण ‘६५ डिग्री’ एवढे दोन शब्द तरी यावेत. टोचायचा थर्मामीटर आता ऑनलाइन स्वस्तात मिळतो, एका वेळच्या चापांपेक्षा स्वस्त.

मी दुसऱ्या शनिवारी सुनेला उभं करून करून दाखवलं, ते लिहितो. वेळ लावून बघितला, तवा गॅसवर चढल्यापासून ताटात पडेपर्यंत २२ मिनिटं.

भांडं. तुम्ही ‘स्किलेट घ्यावे’ लिहिलंय आणि सोडून दिलंय. अहो स्किलेट म्हणजे दोन बोटं काठ असलेला जड तवा. बिडाचा. आपल्याकडे घराघरात बिडाचा तवा होता घावनांसाठी, माझ्या आईचा अजून आहे, फक्त तो सपाट, चरबी सांडते, म्हणून काठवाला घ्यायचा किंवा बिडाची पसरट कढई. बीड उशिरा तापतं पण तापलं की धरून ठेवतं, थंड मटण टाकलं तरी तापमान पडत नाही, पातळ भांड्यात मटण टाकल्यावर तापमान बसतं, पाणी सुटतं आणि भाजायच्या ऐवजी ते स्वतःच्याच पाण्यात उकडतं, राखाडी रंग तिथूनच येतो.

चाप घ्यायचे बोटाएवढे जाड, म्हणजे अडीच सेंटिमीटर, हाडासकट. आमच्याकडचा दुकानदार विचारल्याशिवाय पातळ पातळ कापतो कारण सगळ्यांना किलोत जास्त नग हवे असतात. त्याला सांगितलं जाड काप तर म्हणतो “अंकल शिजणार नाय.” मी म्हटलं तू काप, शिजवायचं माझ्यावर सोड. पातळ चाप बाहेरून लाल होईपर्यंत आतून मेलेला असतो, त्याला वाचवायला वेळच मिळत नाही.

मीठ आधी लावायचं, किलोला साधारण दहा ग्रॅम, म्हणजे दोन छोटे चमचे भरून नाही, थोडे कमी. सकाळी कामाला जाताना लावून फ्रिजमध्ये उघडं ठेवलं तर उत्तम, नाहीतर निदान पाऊण तास. लावून दहा मिनिटांनी बघाल तर पाणी सुटलेलं दिसेल, घाबरायचं नाही, ते परत आत जातं. मग स्वच्छ फडक्याने किंवा टिश्यूने कोरडं करायचं, अगदी कोरडं. ओल असेपर्यंत मटणाचा वरचा थर शंभर डिग्रीच्या वर जातच नाही आणि तो खरपूस रंग यायला १४० च्या पुढे लागतं. सून म्हणाली एवढं टिपायचं? मी म्हटलं शाळेत जाणाऱ्या पोराचं डोकं पुसतेस तसं टिप.

कडेच्या चरबीला सुरीने तीन-चार चिरा द्यायच्या, नाहीतर ती आकसते आणि चाप वाटीसारखा वाकतो. आता ही युक्ती बघा, तेल जवळजवळ नकोच. तवा तापला की चाप चिमट्यात उभे धरायचे, चरबीच्या कडेवर, सगळे एकमेकांना टेकवून, दोन-तीन मिनिटं. चरबी चुरचुरत सुटायला लागते, तिचा तो आवाज, सुरुवातीला पाऊस पत्र्यावर पडल्यासारखा मोठा आणि मग हळूहळू बारीक होतो, म्हणजे कडेचं पाणी गेलं. मग आडवे टाकायचे आणि हात लावायचा नाही. माझ्या सुनेला हे सगळ्यात कठीण गेलं, ती पोळीसारखं दर दहा सेकंदाने उचलून बघत होती. साडेतीन मिनिटं एक बाजू, तव्यापासून स्वतःहून सुटला की उलटायचा, तीन मिनिटं दुसरी. हाडाजवळ सुई टोचायची पण हाडाला टेकवायची नाही. ६५ दिसलं की काढून ताटलीत झाकून ठेवायचे. आत किंचित गुलाबी असेल. तो कच्चेपणा नाही.

आता तव्यात जी चरबी उरली आणि तळाला जे तपकिरी चिकटलंय ना, खरं जेवण ते आहे. ते जळकट समजून सुनेने मागल्या वेळी घासून धुवून टाकलं होतं, मला कळलं तेव्हा मी बसूनच घेतलं.

आच मध्यम करायची, एक कांदा उभा चिरून, तो नरम होत आला की सफरचंद. साल ठेवायची, आठ-आठ फाका करायच्या, पातळ काप नाही. कुठलं सफरचंद याला महत्त्व आहे, आपल्याकडची लाल डिलिशस गोड असतात पण गरम झाली की पिठूळ होतात, हिरवं आंबट ग्रॅनी स्मिथ असेल तर फोड शाबूत राहते आणि चरबीला आंबट पाहिजेच. ऑगस्टच्या सुमाराला हिमाचलचा माल येतो तेव्हा जरा कडक, करकरीत बघून घ्यायचा, महाग हिरवं नाही घेतलं तरी चालेल, फक्त मग लिंबू पिळावं लागतं. फोडी एकेका बाजूला दोन मिनिटं, कडा सोनेरी झाल्या की बास. मग दोन ठेचलेल्या लसूणपाकळ्या, पाला, आणि अर्धी वाटी पाणी किंवा सफरचंदाचा ज्यूस, वर चमचाभर व्हिनेगर, आणि लाकडी उलथन्याने तळ खरवडायचा. फसफसून सगळं सुटतं आणि दोन मिनिटांत दाटसर होतं. शेवटी गॅस बंद करून एक चमचा लोणी. चाप परत टाकायचे, ताटलीत सुटलेला रस पण टाकायचा, तो ओतून देणाऱ्याला माझ्या गॅलीत जागा नव्हती. झालं.

फक्त एक काळजी. आंबट वस्तू बिडात जास्त वेळ उकळत ठेवायची नाही, तव्यावर मुरलेला तेलाचा थर निघतो आणि रस्सा काळपट होऊन लोखंडाची चव लागते. दोन-चार मिनिटांनी काही होत नाही. जेवण झालं की गरम पाण्याने धुवायचा, लगेच पुसून गॅसवर कोरडा करायचा आणि तेलाचं बोट फिरवायचं, आई घावनाच्या तव्याला करायची तेच.

आता पाल्याचं. सेज, रोजमेरी, थाइम ही नावं वाचून लोक घाबरतात आणि मॉलमध्ये जाऊन बाटल्या आणतात. आणा, चालतं, पण सुकलेला पाला ताज्याच्या तिसरा हिस्सा घालायचा, नाहीतर औषधासारखं लागतं. आणि जो काडीवाला कडक पाला असतो तो आधी चरबीत, आणि मऊ पाला, कोथिंबीर पुदिना, तो गॅस बंद केल्यावर. नसेल त्यातलं काही तर खिडकीत बघा. पानओवा, ती जाड लुसलुशीत पानं, ज्याची आपण भजी करतो आणि पोरांना सर्दी झाली की रस देतो, ती दोन पानं बारीक चिरून चरबीत टाकली तर सेज आणि ओरेगॅनो दोघांचंही काम होतं, किंबहुना मला तर जास्त आवडतं. आणि कढीपत्ता डुकराच्या चरबीत कुरकुरीत होतो तो एकदा खाऊन बघा, मग बोला. आम्ही वसईचे ख्रिस्ती लोक चिमूटभर बाटली मसाला, म्हणजे आमचा बाटलीत भरून ठेवायचा घरचा मसाला, पण टाकतो, तुमच्या रेसिपीवाल्याला कदाचित ते चालणार नाही.

पोर्क आणि फळ हे काही साहेबाचं डोकं नाही हेही तुम्ही दोन ओळींत लिहायला हवं होतं, कारण वाचणाऱ्याला वाटतं मटणात फळ म्हणजे फाइव्ह स्टार हॉटेलचे चोचले. अहो गोव्यात सोलांतलं पोर्क करतात, सोलं म्हणजे आपली आमसुलं, ते पिढ्यानपिढ्याचं आहे. कोकम हे फळच ना? बिंबली घालून करतात, ती पण फळच. कर्नाटकातल्या कोडगूच्या (कूर्गच्या) लोकांची पंदी करी आहे, म्हणजे डुकराची, तिच्यात काचमपुळी घालतात, काळं दाट आंबट, कोकमाच्याच नात्यातल्या एका फळाचा रस आटवून केलेलं. चरबीला आंबट लागतं हे जिथे जिथे डुक्कर आहे तिथे तिथे लोकांना समजलेलं आहे, कुणाला सफरचंद मिळालं कुणाला आमसूल. आणि विंदालू म्हणता ते तरी काय, पोर्तुगीजांचं वाइन आणि लसणीत मुरवलेलं मटण, इथे आल्यावर वाइनच्या जागी ताडीचं, उसाचं व्हिनेगर आलं. आमच्या वसईत ते १५३४ ते १७३९ राहिले, दोनशे वर्षं, चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला पण इंदियाल स्वयंपाकघरातच राहिलं.

बोटीवर आमचा एक डॅनिश चीफ इंजिनियर होता. बोलणं कमी, सहा फुटाचा, हात कायम काळे. एका नोव्हेंबरात नॉर्थ सीमध्ये बोट अशी हलत होती की कोणी जेवायला येत नव्हतं, आणि हा गॅलीत आला, म्हणाला आज मी करतो. पोटाकडचं थराथराचं पोर्क, जाड काप, पॅनमध्ये नुसतं कुरकुरीत केलं, काढलं, त्याच चरबीत कांदे आणि सफरचंदाच्या फोडी, वर थाइमच्या दोन काड्या, आणि काळ्या राय ब्रेडवर ढीग. एब्लफ्लेस्क म्हणतात त्याला, त्यांच्याकडे नाताळाच्या सुमाराला घरोघरी होतं. तो एका हाताने दांडा धरून उभा आणि दुसऱ्या हाताने उलथतोय, आणि म्हणाला माझी आजी साखर घालायची, मी घालत नाही, तिला सांगू नकोस. त्या वासाने चार जण उठून आले जे दोन दिवस बंकमधून उठले नव्हते. ह्या डॅनिश लोकांना पोर्कचं इतकं आहे की २०१४ साली त्यांनी लोकांची मतं घेऊन राष्ट्रीय पदार्थ ठरवला तर तोही कुरकुरीत पोर्क आणि पार्सलीचा पांढरा सॉसच निघाला. पार्सली म्हणजे कोथिंबिरीची लांबची बहीण. परत पालाच.

आणि फसायचं असेल तर अननसाने फसाल, हे पण छापा. आमच्याकडे एक नवीन पोरगा मेसमन म्हणून आला, उत्साही, त्याने कुठेतरी ऐकलं अननसाने मटण मऊ होतं, म्हणून रात्री चाप ताज्या अननसाच्या रसात बुडवून ठेवले. सकाळी मी झाकण काढलं तर वरून चाप दिसतायत, चिमट्याने उचलला तर चिमटा बंद झाला आणि मधलं मटण पेजेसारखं खाली. अननसात एक रसायन असतं जे प्रथिनं तोडतं, कच्च्या पपईत पण तसंच असतं, अर्धा तास ठीक, रात्रभर नाही. डब्यातला अननस चालतो, तो डबाबंद करताना गरम केलेला असतो त्यामुळे ते रसायन मेलेलं असतं. तव्यावर शेवटी टाकायचा असेल तर ताजाही चालेल, काळे डाग पडेपर्यंत भाजायचा, आणि बरोबर पुदिना आणि हिरवी मिरची.

उन्हाळ्यात सफरचंद कोल्ड स्टोरेजचं, महाग आणि बेचव, तेव्हा मी अर्धवट पिकलेली कैरी घेतो, ज्याला आपण पाडाला आलेली म्हणतो, पण तिच्या फोडी मिनिटभरच. पावसाळ्यात अंबाडे मिळाले तर ते ठेचून. वसईची राजेळी केळी अर्धी कच्ची असताना जाड कापून चरबीत परतून बघितली होती, सुनेला आवडली, मला नाही. माझ्या मते केळ्याने त्या चरबीचं काही भलं होत नाही, त्यात आंबटच नाही.

सोबत काय खायचं तर पाव. कडक पाव असेल तर उत्तम. भातावर हा रस्सा पुरत नाही, आणि पोळीबरोबर खाणाऱ्यांना मी काही बोलत नाही.

तर विनंती अशी. एक, ती रेसिपी दुरुस्त करून पुन्हा छापा, तेवढ्याच मोठ्या अक्षरात, कारण फ्रिजवर कापून लावलेल्या कात्रणाला ‘चूकदुरुस्ती’ची दोन बोटांची चौकट पुरत नाही. दुसरं म्हणजे मटणाची कुठलीही पाककृती देताना तुकडा कुठल्या भागाचा आणि किती जाड एवढं तरी द्या, ‘पोर्क – अर्धा किलो’ हे म्हणजे ‘भाजी – एक जुडी’ लिहिल्यासारखं आहे, मेथी का अळू? आणि छापण्याआधी कुणीतरी एकदा गॅसवर करून बघा. तुमच्या ऑफिसात पोर्क करणं जमत नसेल तर आमच्याकडे या, शनिवारी संध्याकाळी, स्टेशनवरून रिक्षा मिळते. फोटोग्राफर पण आणा, फक्त मटण तव्यावर असताना त्याला ‘जरा थांबा’ म्हणू देणार नाही.

कळावे,
आपला नियमित वाचक,
एक निवृत्त बोटीवरचा कुक, वसई

ता.क. – सुनेने परवा माझ्याशिवाय एकटीने केलं. मला नुसतं टेबलावर बसवलं. एक चाप ६९ वर गेला होता, फोन आला म्हणे ऑफिसचा, पण खाल्ला सगळ्यांनी. गॅलरीतल्या पानओव्याच्या कुंडीला नातू आता ऋषी म्हणतो आणि सकाळी शाळेत जाताना त्याला पाणी घालतो, दोनदा सांगून पण नाव बदलत नाही.